बोलक्या बाहुलीचा व्हिडिओ: आधी आवाज, मग चित्र

घरी मोज्याची किंवा फोमची बाहुली शिवून झाली की बहुतेक जण लगेच मोबाइल उभा करून चित्रीकरणाला लागतात, आणि संध्याकाळी व्हिडिओ पाहताना त्यांच्या लक्षात येते की बाहुली देखणी दिसते, हातवारेही ठीक आहेत, पण ती काय बोलते ते धड ऐकू येत नाही. पंखा घरघरत असतो, संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात आणि नेमक्या विनोदाच्या जागी शेजारच्या कुकरची शिट्टी होते. चित्र थोडे अंधुक असले तर प्रेक्षक ते चालवून घेतो. न कळणारे बोलणे मात्र तो फार वेळ सहन करत नाही. बाहुलीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण तिच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलत नाही आणि राग, लाज, लबाडी हे सारे आवाजातूनच यावे लागते. म्हणून हातात घालून चालवायच्या, तोंडाची उघडझाप होणाऱ्या बाहुलीचा व्हिडिओ कसा करावा हे सांगताना मी आवाजाला आधी आणि जास्त जागा देणार आहे.

पहिला निर्णय असा की बाहुली चालवताना त्याच वेळी बोलायचे, की संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर बाहुली चालवायची. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री खेळात गाणे, संवाद आणि बाहुलीची हालचाल एकत्रच चालते, आणि त्यातली लय नंतर जोडलेल्या आवाजाला क्वचितच साधते, हे मान्य करायला हवे. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावासारख्या शब्दभ्रमाच्या खेळात तर चालवणारा समोर बसलेला असतो, त्यामुळे ओठ न हलवता बोलणे हीच तिथली करामत ठरते. आपल्या घरगुती व्हिडिओत चालवणारा टेबलाच्या किंवा सोफ्याच्या मागे दडलेला असतो. त्याला शब्दभ्रमाची गरज नसते, पण हात डोक्याच्या वर ताणलेला, मान वाकडी आणि श्वास अपुरा अशा अवस्थेत त्याला बोलावे लागते. नवख्या माणसाने म्हणूनच संवाद आधी मुद्रित करावेत. हात सरावला, एका दमात दोन मिनिटे तो वर धरता येऊ लागला, की थेट बोलून पाहावे. ती गंमत वेगळीच आहे.

ध्वनिमुद्रणासाठी घरातली सर्वांत चांगली खोली म्हणजे कपड्यांनी आणि गाद्यांनी भरलेली खोली. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती आवाज परतवतात. सूती कपडा, गादी, उशा तो शोषून घेतात. कपाटाची दारे उघडून साड्यांकडे तोंड करून बोलावे, पाठीमागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर एक जाड गोधडी टाकावी, एवढ्यावर घुमणे बरेचसे जाते. पंखा आणि एसी बंद करावा आणि फ्रिज भिंतीपलीकडे असला तरी त्याची घरघर एकदा कान देऊन ऐकावी. ती माणसाच्या कानाला सवयीने ऐकू येत नाही, मायक्रोफोनला मात्र येते. वेळ निवडताना आपल्या वस्तीची दिनचर्या विचारात घ्यावी: आमच्याकडे पहाटे कावळे, दहा वाजता भंगारवाला आणि संध्याकाळी खाली क्रिकेट असते, त्यामुळे माझी बहुतेक पात्रे रात्री अकरानंतरच बोलू लागतात.

मायक्रोफोन कोणता, यापेक्षा तो किती अंतरावर, हा प्रश्न मोठा आहे. तोंडापासूनचे अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. दोन मीटरवर ठेवलेल्या महागड्या मायक्रोफोनपेक्षा एका वितीवर धरलेला साधा मोबाइल म्हणूनच सरस ठरतो. मायक्रोफोन तोंडासमोर सरळ न धरता किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत ठेवावा. मराठीत ख, घ, ठ, थ, ध, फ, भ असे महाप्राण वर्ण पावलोपावली येतात, आणि ‘भाऊ’ किंवा ‘फटाका’ म्हणताना सुटलेला हवेचा झोत थेट मायक्रोफोनवर आदळला की धप्प असा आवाज होतो, जो नंतर नीट काढता येत नाही. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ नायलॉनचा जुना मोजा ताणून मधे धरला तर बाजारातल्या पॉप फिल्टरचे काम भागते.

मुद्रणाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठ्या ओरडण्यालाही पातळी दाखवणारा काटा (त्यावर शून्य म्हणजे आवाज फाटण्याची सीमा) उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये आणि सामान्य बोलण्यात तो उणे 12 च्या आसपास खेळावा. कमी पातळीचा आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज सांधता येत नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. त्यात एकच वाहिनी (मोनो) आणि मुद्रणाचा दर 48 किलोहर्ट्झ निवडावा, कारण व्हिडिओचा प्रचलित दर तोच आहे. संवाद सुरू करण्याआधी अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करून ठेवावी. दोन वाक्यांमधल्या कापलेल्या जागा पूर्ण मुक्या ठेवल्या तर बाहुली मधेच बहिरी झाल्यासारखे वाटते. तिथे हीच शांतता भरायची असते.

पात्रांचे आवाज ठरवताना सॉफ्टवेअरने पट्टी चढवण्याचा मोह टाळावा. त्यातून निघणारा किरकिरा आवाज पहिल्या मिनिटाला हसवतो आणि तिसऱ्या मिनिटाला डोके उठवतो. त्यापेक्षा बोलण्याची गती, बोली आणि श्वास बदलावेत: एक पात्र वाक्य संपण्याआधीच पुढचे सुरू करते, दुसरे प्रत्येक वाक्याआधी ‘हं, म्हणजे असं बघ’ म्हणते, एवढ्यानेही दोन माणसे वेगळी होतात. प्रत्येक पात्राचे एक नमुन्याचे वाक्य मुद्रित करून जपून ठेवावे आणि पुढच्या वेळी बसताना आधी ते ऐकावे. नाहीतर महिन्याभरात आजोबांचा आवाज नकळत मामांचा होतो. बारीक किंवा घोगरा आवाज काढताना घसा पंधरा-वीस मिनिटांतच दुखू लागतो, म्हणून एका पात्राची सगळी वाक्ये एका बैठकीत उरकून, पाणी पिऊन, मग दुसरे पात्र घ्यावे.

संवाद तयार झाले की तोंड चालवण्याचा सराव. सर्वसाधारण चूक अशी की शब्द उच्चारला जात असताना माणूस मूठ मिटतो, त्यामुळे बाहुली बोलण्याऐवजी शब्द चावून खात आहे असे दिसते. उच्चाराबरोबर तोंड उघडायला हवे. शिवाय वरची चार बोटे जागच्या जागी ठेवून अंगठा खाली न्यावा, कारण माणूस बोलतो तेव्हा त्याचा खालचा जबडा हलतो, कवटी नाही. बोटे वर उचलली तर दर अक्षराला बाहुलीचे डोळे छताकडे जातात. किती वेळा उघडायचे हे लिहिलेली अक्षरे मोजून ठरवू नये. ‘आज घरात कोण आहे?’ या वाक्यात लिहिलेली अक्षरे नऊ आहेत, पण मोठ्याने म्हटले तर आज, घ, रात, कोण, आ, हे असे सहाच ठोके पडतात, आणि तोंड सहा वेळाच उघडते. भरभर बोलताना तेही चारपर्यंत आणावेत. जोर असलेले ठोके पकडले की बाकीचे प्रेक्षकाचे मन भरून काढते. ‘आ’ला तोंड मोठे, ‘ई’ आणि ‘ऊ’ला जेमतेम फट, आणि प, ब, म, भ आले की तोंड मिटलेले हवे. ‘आंबा’ म्हणताना मधे जबडा मिटला नाही तर कुठेतरी काहीतरी चुकले हे लहान मुलांनाही कळते, का ते सांगता आले नाही तरी. आरशासमोर रोज दहा मिनिटे आकाशवाणीच्या मराठी बातम्यांवर बाहुली बोलवावी. निवेदकांचा स्पष्ट, संथ उच्चार सरावाला फार चांगला.

तोंडाइतकीच नजर महत्त्वाची. मनगट सरळ ठेवले की बाहुली आढ्याकडे पाहते. मनगट पुढे झुकवावे लागते, आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच जास्त झुकवावे लागते. मोबाइल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. जमिनीवर ठेवलेला किंवा माणसाच्या उंचीच्या ट्रायपॉडवरून खाली बघणारा कॅमेरा बाहुलीला एक तर राक्षस करतो, नाहीतर खेळणे. चौकटीची खालची कड सोफ्याच्या पाठीच्या किंवा टेबलाच्या काठाच्या किंचित वर येईल अशी धरावी, म्हणजे मनगट दिसत नाही. बाहुली चौकटीत येताना पायऱ्या चढून आल्यासारखी हलत यावी, लिफ्टने आल्यासारखी सरळ वर उगवू नये.

आपण दडलेलो असल्यामुळे चौकटीत काय दिसते हे पाहण्याची सोय लागते. मोबाइलचा पुढचा कॅमेरा वापरून त्याच पडद्यावर बघणे सोपे, पण ते दृश्य आरशासारखे उलटे दिसते आणि मुद्रित होणारे चित्र बहुधा सुलटे असते. शिवाय बहुतेक मोबाइलमध्ये मागचा कॅमेराच अधिक चांगला असतो. मागचा कॅमेरा वापरून मोबाइल तारेने टीव्हीला जोडता आला तर उत्तम. बिनतारी जोडणीत चित्र थोडे उशिरा दिसते आणि त्या उशिराच्या मागे हात धावत राहतो. आवाजाचेही तसेच आहे: ब्लूटूथच्या इअरफोनवर संवाद ऐकत मी पूर्ण एक प्रसंग चालवला होता, आणि जुळवणीच्या वेळी बाहुलीचे तोंड प्रत्येक शब्दानंतर उघडत होते. आता संवाद साध्या तारेच्या स्पीकरवरच वाजवतो. तो आवाज मोबाइलमध्येही मुद्रित होतो, हे फायद्याचेच आहे, कारण तयार संवाद त्याच्याशी जुळवून मोबाइलचा कच्चा आवाज नंतर बंद करता येतो. प्रत्येक वेळी सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवावी. थेट बोलून वेगळ्या यंत्रावर आवाज घेतला असेल तर टाळीचे चित्र आणि आवाजातला टोकदार ठोका एकावर एक ठेवला की बाकीचे आपोआप जुळते. मोबाइल दर सेकंदाला नेमक्या ठरलेल्या तेवढ्याच फ्रेम (सुटी चित्रे) घेत नाही, कमी-जास्त करतो, म्हणून पंधरा मिनिटांच्या सलग चित्रीकरणात शेवटी ओठ आणि शब्द सुटे पडतात. दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्यावेत. हातालाही तेवढाच वेळ झेपतो.

प्रकाशासाठी खिडकी पुरेशी आहे, थेट ऊन नसलेली. बाहुली खिडकीकडे तिरकी धरावी आणि दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करावा. डोळ्यांना चकचकीत काळी बटणे असतील तर त्यांत खिडकीचा एक ठिपका चमकतो आणि बाहुली अचानक जिवंत होते. मागच्या पडद्यापासून तिला तीन-चार फूट पुढे ठेवावे, म्हणजे सावली पडत नाही. हिरवा पडदा लावून मागे वेगळे दृश्य जोडणार असाल तर पात्राचा रंग आधी तपासा, कारण सॉफ्टवेअर चित्रातला सगळाच हिरवा रंग पुसते. आमचा पहिला नायक पोपट होता, आणि पहिल्या चाचणीत आंब्याच्या झाडावर फक्त एक लाल चोच आणि दोन डोळे बोलत होते.

रात्री दिव्यात चित्रीकरण केल्यास काही वेळा चित्रात पट्टे सरकताना दिसतात. भारतातील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे मांडणी हाताने बदलता येते) शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला आणि सेकंदाला 25 फ्रेम निवडल्या की पट्टे सहसा जातात. अमेरिकेतील वाचकांनी त्याऐवजी 1/60 आणि 30 फ्रेम ठेवाव्यात, कारण तिथली वीज 60 हर्ट्झची आहे. फोकस, प्रकाश आणि रंगछटा चित्रीकरणाआधी कुलूपबंद कराव्यात, नाहीतर लाल फ्रॉकची बाहुली चौकटीत शिरताच मागची भिंत निळसर होते. फोन विमान मोडवर टाकायला विसरू नये.

जुळवणीत आधी संवाद बसवावेत, मग चित्र कापावे आणि संगीत सर्वांत शेवटी, तेही संवादाच्या खाली दबलेले. चित्रपटगीते वापरू नयेत, त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. घरातल्या आजीकडून जात्यावरची ओवी म्हणवून घ्यावी. यूट्यूबवर चढवताना व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगावे लागते, आणि मुलांसाठी म्हटल्यास प्रतिक्रिया बंद होतात, याची कल्पना आधीच असावी. चढवण्यापूर्वी हेडफोन बाजूला ठेवून, स्वयंपाकघरात भांडी घासली जात असताना, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर सगळा व्हिडिओ एकदा ऐकावा, आणि ओट्याजवळच्या माणसाला जे वाक्य कळले नाही तेवढे त्याच रात्री कपाटापुढे उभे राहून पुन्हा मुद्रित करावे.