कॅनव्हासच्या जाकिटाला घरी मेण लावताना या चुका टाळा

मे महिना लागला की माझ्याकडे सॅकच्या तुटलेल्या पट्ट्यांबरोबर पांढरी पडलेली जाकिटंही दुरुस्तीला यायला लागतात. सगळ्यांची तक्रार एकच असते: "घरी मेण लावलं, तरी पाणी आत येतंच." जाकीट हातात घेतलं की कुठे चुकलंय ते बहुतेक वेळा लगेच कळतं, कारण चुका त्याच त्या असतात. काम अवघड नाही. थोडं मेण, भरपूर उष्णता आणि एक पूर्ण मोकळा दिवस एवढंच लागतं. पण लोक मेण भरमसाट लावतात आणि दिवस काढत नाहीत.

मेण थापू नका, जिरवा

सगळ्यात जास्त जाकिटं या चुकीने वाया जातात. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर डोंबिवलीचा एक मुलगा वडिलांचं जुनं, जाड कॅनव्हासचं जाकीट घेऊन आला. दुसऱ्या दिवशी रात्री हरिश्चंद्रगडाला निघायचं होतं. घरातल्या मेणबत्त्या वितळवून त्याने रंगाच्या ब्रशने दोन जाड हात दिले होते. पाठ पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. बाही कोपरात वाकवली की घडीवर पांढऱ्या रेघा उमटत होत्या आणि मेणाचे पापुद्रे टेबलावर पडत होते. मी त्याच्यासमोरच कोपरावर पेलाभर पाणी ओतलं. पाठीवरून ते घरंगळून गेलं असतं, पण कोपराच्या भेगांतून ते सरळ अस्तरात उतरलं.

वितळलेलं मेण गार कापडाला लागलं की तिथल्या तिथे गोठतं. ते सुताच्या धाग्यांमध्ये शिरतच नाही, वर पापुद्रा धरून बसतं. जाकीट वाकलं की पापुद्रा तडकतो आणि पाणी नेमकं त्याच तड्यातून जातं. जास्त मेण म्हणजे जास्त संरक्षण, हा समज डोक्यातून काढून टाका.

ते जाकीट सुधारायला पूर्ण संध्याकाळ गेली. आधी बोथट प्लास्टिकच्या पट्टीने वरचा थर खरवडला. मग खाली-वर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि कागद तेलकट झाला की बदलत राहिलो. वर्तमानपत्र वापरू नका, शाई कापडावर उतरते. इस्त्रीही जुनी, याच कामाला ठेवलेली घ्या. तिने नंतर ऑफिसचे शर्ट करायचे नाहीत. जास्तीचं मेण निघालं, उरलेलं आत मुरलं. त्या ट्रेकला मात्र मी त्याला ते जाकीट नेऊ दिलं नाही. प्लास्टिकचा पोंचो घेऊन जा म्हटलं.

माझी पद्धत अशी: मेणाची गार वडी कापडावर खडूसारखी घासायची, एका वेळी तळहाताएवढ्या जागेवर, पातळ. मग हेअर ड्रायर जवळ धरायचा. आधी पांढुरकं दिसणारं कापड ओलं झाल्यासारखं चमकतं, मग चमक जाते आणि रंग सगळीकडे सारखा गडद होतो. चमक गेली म्हणजे मेण आत गेलं. ती जाईपर्यंत हात पुढे सरकवायचा नाही. जाकिटाच्या मापाप्रमाणे साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम मेण पुरतं. शिवणींवर मात्र दुसरा हात हवाच, कारण सुईची भोकं तिथे असतात. तिथे वडीची कड दाबून घासायची आणि गरम असतानाच अंगठ्याने मेण आत चेपायचं.

पातेलं थेट गॅसवर ठेवू नका

दोन प्रकारचं मेण मिसळून वडी तयार करायला ते वितळवावं लागतं, आणि इथे मी कुणाचंही "काही होत नाही हो" ऐकून घेत नाही. पाणी उकळून इशारा देतं, तसं मेण देत नाही. ते शांतपणे तापत राहतं, मग धूर येतो, आणि दोनशे अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि मेणाचं भांडं त्या पाण्यात ठेवायचं. मग मेण शंभर अंशांच्या वर जातच नाही. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं साधं मेण, साठ अंशांच्या आसपास वितळतं, मधमाशीचं मेण बासष्ट ते पासष्टला, त्यामुळे जास्त आचेची गरजही नसते. भांड्याजवळून हलायचं नाही आणि मुलांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही.

पेटलंच, तर पाणी अजिबात ओतू नका. पाणी मेणाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं मेण घरभर उडतं. गॅस बंद करा, वर झाकण ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढू नका.

काही जण मेण पातळ करायला टर्पेंटाइन घालतात. मी घालत नाही. घरात उघड्या ज्योतीजवळ तर ते आणूच नये. जवसाच्या तेलाचंही तेच. पूर्वी खलाशांचे कपडे या तेलाने पाणीरोधक करत, पण त्याने कापड पिवळं पडतं आणि ताठ होतं. शिवाय तेल पुसलेलं फडकं चुरगाळून टाकलं तर ते आपोआप तापत जाऊन पेटू शकतं. ज्यांना ते वापरायचंच आहे त्यांनी फडकं बाहेर उघड्यावर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

कुठलं मेण

घरातल्या मेणबत्त्या नकोत. त्यांत कडकपणासाठी बरेचदा स्टिअरिक आम्ल असतं, रंगीत असतील तर कापडावर डाग पडतो, आणि सुगंधी मेणबत्तीचा वास पावसात भिजल्यावर नकोसा होतो. दुकानात ५८/६० ग्रेडचं, म्हणजे ५८ ते ६० अंशांना वितळणारं पॅराफिन मागा. नुसतं पॅराफिन तडकतं आणि नुसतं मधमाशीचं मेण हाताला चिकटतं. मी दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण घेतो. मधमाशीचं मेण मधपाळांकडून थेट घेतलं तर उत्तम. महाबळेश्वरच्या बाजूला मिळतं. भेसळ बहुतेक पॅराफिनचीच असते, त्यामुळे फार स्वस्त मिळालं तर प्रमाणाचा हिशोब चुकतो.

मेणाच्या जाकिटांची परंपरा थंड, रिमझिम पावसाच्या देशांतली. अशी जाकिटं करणारी बार्बर ही कंपनी १८९४ साली इंग्लंडच्या साउथ शिल्ड्स बंदरात सुरू झाली. तिथल्या मऊ मेणाच्या कृती इथे जशाच्या तशा उचलू नका. नागपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असं जाकीट सीटला चिकटेल.

साबण आणि ओल

डिटर्जंट किंवा कपडे मऊ करणारं द्रव कापडात उरलं असेल, तर मेण नीट धरत नाही. आधी नुसत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा आणि कडक वाळवा. ओलसर कापडाला मेण लावलं तर ओल आत कोंडते आणि श्रावण येईपर्यंत काळे ठिपके दिसायला लागतात. बुरशीचा तो डाग नंतर जाता जात नाही. "वरून वाळलंय" एवढ्यावर थांबू नका. कॉलरची आणि खिशाची शिवण चिमटीत धरून बघा.

बाकीचं थोडक्यात. पॉलिस्टरला मेण नीट धरत नाही, आधी आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा: सूत असेल तर कागदासारखा वास आणि राख, पॉलिस्टर असेल तर वितळून गोळी. काखेत मेण लावू नका, घाम कोंडतो. वेल्क्रोला मेण लागू देऊ नका. मेण लावलेलं जाकीट वॉशिंग मशिनमध्ये, ड्रायरमध्ये किंवा ड्रायक्लीनिंगला अजिबात नाही. मातीचे डाग गार पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. पावसाळा संपल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवू नका, हँगरवर हवेशीर टांगा, आणि शेजारी पांढरे कपडे नकोत.

अपेक्षाही नीट ठेवा. मेणाचं कापड पुण्यातल्या भुरभुर पावसाला, सकाळच्या दुचाकीला, सॅकला आणि टोपीला झकास. जुलैतल्या ताम्हिणीत दिवसभर चालायचं असेल तर पाणी गळ्यातून, बाह्यांतून आणि सॅकच्या पट्ट्यांखालून आत येणारच. तिथे मी स्वतः पोंचो घालतो आणि मेण लावलेली सॅक नेतो.

हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन ठेपतो, आणि त्यानंतर कापड कडक वाळत नाही. मेण लावून झालं की गच्चीवर एक दुपार उन्हात टांगा, म्हणजे राहिलेलं मेणही सारखं पसरतं. मग एक-दोन दिवस सावलीत राहू द्या आणि मगच अंगात घाला. पुढच्या वर्षी पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबून कापडात शोषले जायला लागले, तर फक्त खांदे, बाह्या आणि शिवणी पुन्हा करा. सगळं जाकीट दरवर्षी करायची गरज नसते.