जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवताना

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला की तो मोडीत काढण्याचा विचार मनात येतो. अशा बऱ्याच संगणकांचा प्रोसेसर मात्र पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी अजून पुरेसा असतो; काम अडते ते हार्ड डिस्कपाशी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी असलेली माहिती ती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद नुसते थांबावे लागते आणि हेड योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला तर प्रत्येक शोधाला १२ ते १४ मिलिसेकंद जातात. एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह) चिपांवर माहिती साठवते; तिच्यात फिरणारा भागच नसल्यामुळे हेच काम साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होते. विंडोज सुरू होताना असंख्य लहान फायली ठिकठिकाणांहून वाचाव्या लागतात, त्यामुळे हा फरक सर्वांत आधी तिथेच जाणवतो.

माझी शिफारस अशी आहे की विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवर ठेवावीत आणि फोटो, व्हिडिओ, जुनी कागदपत्रे यांसाठी हार्ड डिस्क वापरावी. २४० जीबीची एसएसडी चालते, पण विंडोजचे अपडेट आणि तात्पुरत्या फायली ती लवकर भरत आणतात, म्हणून शक्य असल्यास ४८० किंवा ५०० जीबीचीच घ्यावी. ती अडीच इंची साटा (डिस्क केबलने मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) प्रकारची असावी. एनव्हीएमई या नव्या पद्धतीने जोडली जाणारी एसएसडी अधिक वेगवान असली, तरी जुन्या मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) बहुधा तिच्यावरून संगणक सुरू करू शकत नाही. आपल्याकडे अनेक वर्षे सर्रास विकल्या गेलेल्या एच६१ चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) मदरबोर्डवर साटाचे सेकंदाला ३ गिगाबिट वेगाचेच पोर्ट असतात आणि त्यांवर ६ गिगाबिटच्या एसएसडीचा कमाल वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. हे ऐकून काही जण बेत रद्द करतात, ते मला पटत नाही, कारण रोजच्या वापरात उपयोगी पडतो तो लहान फायली चटकन शोधण्याचा गुण आणि तो जुन्या पोर्टवरही बहुतांशी टिकतो.

हार्ड डिस्कही मोठी घ्यायची असेल तर एक मर्यादा ध्यानात घ्यावी. जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर २.२ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, त्यामुळे ४ टीबीची डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीनेच तयार करावी लागते. केवळ डेटासाठी अशी डिस्क विंडोज ७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये जुन्या बायोसवरही चालते; विंडोज तिच्यावरून सुरू करायचे असेल तर मात्र यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली) असलेला मदरबोर्ड लागतो. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. मोजण्याच्या दोन पद्धतींमधला तो फरक आहे.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५ आणि सी६ या क्रमांकांच्या ओळींमधला शेवटचा आकडा पाहावा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे लहान कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडणारे सेक्टर आणि सी६ म्हणजे वाचताच न आलेले. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर पुढे जावे. सी५ किंवा सी६ मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याच्या फंदात न पडता आधी सर्वांत महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्याव्यात, कारण क्लोन करताना डिस्कवर सलग काही तास ताण पडतो आणि मरू घातलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.

डिस्क ठणठणीत असली तरी बॅकअप घ्यावाच. 'डॉक्युमेंट्स' आणि फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतात. राहून जातात त्या डेस्कटॉपवर पडलेल्या फायली, टॅलीचे डेटा फोल्डर, आउटलुकची मेल फाइल आणि युनिकोडपूर्व मराठी फाँट. छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल आणि स्मरणिका अशा फाँटमध्ये साठवलेल्या असतात, आणि तो फाँट हरवला की तोच मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन उघडतो. म्हणून 'फाँट्स' फोल्डरची प्रत वेगळी काढावी. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाशी बांधलेला असतो, त्याचा परवाना आधी सरेंडर करावा (या संगणकावरून सोडवून घ्यावा) किंवा विक्रेत्याकडून त्याची रीत विचारून घ्यावी.

आता विंडोज नव्याने टाकायचे की जुन्या डिस्कचा क्लोन करायचा, हे ठरवावे. ज्यांच्या सीडी किंवा परवाने आता मिळणार नाहीत अशी सॉफ्टवेअर असतील तर क्लोन करणेच शहाणपणाचे आहे. एरवी नव्याने टाकलेले विंडोज अधिक स्वच्छ चालते. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट (मायक्रोसॉफ्टची मदत आणि नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हेही विचारात घ्यावे. केवळ इंटरनेट आणि लेखनासाठी संगणक हवा असेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली हा चांगला पर्याय आहे. क्लोन करायचाच झाला, तर एसएसडी बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्यासाठीचे सॉफ्टवेअर मोफत देतात आणि मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर जाण्यासाठी ते सोयीचे पडते. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर विश्वासार्ह आहे, पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असून चालत नाही. कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी 'कुठून' आणि 'कुठे' या दोन जागी डिस्कचे मॉडेल आणि आकारमान वाचूनच पुढचे बटण दाबावे. ही अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

प्रत्यक्ष जोडणीसाठी संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवे ठेवून त्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. धूळ ब्रशने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंचाच्या खणात बसवायला ब्रॅकेट मिळते. इथे स्क्रूकडे नीट पाहावे: जुन्या हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि एसएसडीला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात. जाड स्क्रू एसएसडीत घुसवला की तिचे आटे कायमचे जातात, म्हणून पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवून तो सहज जातो आहे याची खात्री करावी. साटाच्या केबलचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असते आणि ते एकाच बाजूने बसते. जुनी केबल काढताना तिची चाप दाबून सरळ ओढावी; वाकवून ओढल्यास मदरबोर्डवरचे ठिसूळ झालेले प्लास्टिक तुटते.

एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाचे मोकळे टोक नसेल तर चार पिनांचे मोलेक्स ते साटा असे कन्व्हर्टर लागते. त्यात ज्याच्या टोकाचे प्लास्टिक तारांभोवती ओतून बनवलेले असते तो प्रकार घेऊ नये. त्यातल्या तारा आतल्या आत एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणे आहेत. तारा एकेक करून दाबून बसवलेले कन्व्हर्टर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

पहिल्यांदा संगणक सुरू करताना केवळ एसएसडी जोडलेली असावी आणि जुनी डिस्क बाजूला ठेवावी, नाहीतर क्लोन नेमका कशावरून सुरू झाला ते कळत नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई (जुनी) दिसली आणि विंडोज १० असेल, तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये (अत्यावश्यक गोष्टींवरच चालणाऱ्या अवस्थेत) सुरू होण्याची सोय करावी, मग बायोसमध्ये एएचसीआय (नवी पद्धत) निवडावे, सेफ मोडमध्ये एकदा सुरू करावे आणि ती सोय काढून टाकावी. थेट बदल केल्यास निळी स्क्रीन येते. जी३१ किंवा जी४१ चिपसेटच्या बोर्डांवर एएचसीआयचा पर्याय बहुधा नसतोच. तिथे आयडीईवरच समाधान मानावे, तरीही वेग चांगला वाढतो. संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल याच वेळी बदलावा, कारण तो संपलेला असताना बायोसमधली निवड पुन्हा आयडीईवर जाऊ शकते आणि दोष उगाच नव्या एसएसडीच्या माथी मारला जातो.

सगळे नीट चालल्यावर जुनी डिस्क परत जोडावी आणि बायोसच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवावी. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये तिच्यापुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असे दिसले की विंडोजने तिला ओळखले आहे. तिच्यावर बाहेरचे कोणतेही डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारे) सॉफ्टवेअर चालवू नये. 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' ही फोल्डर त्यांच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून हार्ड डिस्कवर नेता येतात. जुन्या डिस्कवरचे विंडोज निदान महिनाभर पुसू नये, कारण एखादी विसरलेली फाइल किंवा परवाना हमखास त्याच काळात आठवतो. डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची झाल्यास क्विक फॉरमॅटवर विसंबू नये: त्याने फायलींची केवळ यादी पुसली जाते आणि मजकूर परत मिळवता येतो. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, की विस्टापासूनच्या विंडोजमध्ये त्या विभागाच्या सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात, तेवढा वेळ ते चालू द्यावे.