औषधाचं पेटंट वाचताय? या चुका टाळा

'या औषधावर पेटंट आहे का?' असं विचारलं की नवखा माणूस दहा मिनिटांत एक नंबर आणि एक तारीख आणून समोर ठेवतो. नंबर खरा असतो, तारीखही बहुधा खरीच असते, आणि तरीही उत्तर चुकलेलं असतं. औषधांच्या पेटंटचे शोध घेण्यात माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. त्याच चुका अजूनही येत राहतात. आता तर पेटंट टाकलं की सारांश काढून देणारी साधनं आली आहेत, त्यामुळे चुका जास्त नीटनेटक्या मांडणीत येतात, एवढाच फरक.

डब्ल्यूओ नंबरला पेटंट समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हिचंच. डब्ल्यूओने सुरू होणारा नंबर म्हणजे पीसीटी या पेटंट-सहकार्य कराराखाली केलेला आंतरराष्ट्रीय अर्ज. वायपो ही जागतिक बौद्धिक संपदा संघटना तो अर्ज प्रसिद्ध करते. पेटंट ती कुणालाच देत नाही. साधारण ३० किंवा ३१ महिन्यांच्या आत अर्जदाराला ज्या-ज्या देशात हक्क हवा आहे तिथे वेगळा प्रवेश घ्यावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणचा एक्झामिनर, म्हणजे पेटंट कार्यालयाचा तपासनीस, आपापली कात्री चालवतो. क्लेम म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य. अर्जातला पहिला क्लेम हे मागणीपत्र असतं, आणि मागताना कुणी हात आखडता घेत नाही.

काही वर्षांपूर्वी मी काम करत होते त्या कंपनीत एका औषधाचं अमॉर्फस रूप, म्हणजे स्फटिक नसलेलं रूप, घेऊन गोळी करायचं चाललं होतं. पेटंटच्या गटातल्या एका उत्साही मुलाने डब्ल्यूओ अर्ज काढला. पहिल्या क्लेममध्ये मॉलिक्यूल, त्याची सॉल्टं (क्षार), हायड्रेट (पाण्यासह असलेली रूपं) आणि 'कोणतंही घनरूप' असं सगळं एका ओळीत होतं. अहवालात त्याने लाल अक्षरांत लिहिलं: रस्ता बंद. संशोधन विभागाने काम थांबवलं आणि माणसं दुसरीकडे लावली. अहवाल माझ्या टेबलावरूनच गेला होता. माझी सही होती त्यावर, हेही सांगायला हवं.

आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी त्या फॅमिलीतलं, म्हणजे त्याच शोधाच्या देशोदेशींच्या अर्जांपैकी, एक मंजूर पेटंट उघडलं. पहिल्या क्लेममध्ये एकच स्फटिकरूप उरलं होतं, तेही एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या ठरावीक पीकांनी (स्फटिकाची ओळख पटवणाऱ्या आलेखातल्या शिखरांनी) बांधलेलं. फाइल हिस्टरीत, म्हणजे पेटंट कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहारात, तर अर्जदाराने एक्झामिनरला स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की आमचं रूप आधीपासून माहीत असलेल्या अमॉर्फस रूपापेक्षा वेगळं आहे, म्हणून ते नवीन आहे. ज्या रूपावर आम्ही काम थांबवलं होतं, त्याच्यावरचा हक्क त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. तोवर दुसऱ्या एका कंपनीचा त्याच रूपाचा अर्ज औषध नियामकाकडे जाऊन पोहोचला होता.

तेव्हापासून डब्ल्यूओची प्रत मी फक्त वर्णन वाचायला वापरते. हक्काची व्याप्ती पाहायची तर नंबराच्या शेपटीकडे बघा: ए असेल तर बहुतेक कार्यालयांत तो अर्ज असतो, बी असेल तर मंजूर पेटंट. अमेरिकेत बी१ आणि बी२ दोन्ही मंजूरच, फरक फक्त अर्ज आधी प्रसिद्ध झाला होता की नाही एवढाच. युरोपात मात्र बी२ म्हणजे मंजुरीनंतर विरोध झाला आणि पेटंट बदललेल्या रूपात टिकलं. तुम्ही बी१ वाचत बसलात तर कदाचित मेलेले क्लेम वाचताय.

मंजूर क्लेम सापडला की मी तो छापून घेते आणि पेन्सिलीने त्याचे तुकडे पाडते. एक घटक, एक ओळ. समोर आपल्या उत्पादनात तो घटक आहे की नाही ते लिहायचं. एक जरी घटक नसला तरी शब्दशः भंग होत नाही. 'कम्प्रायझिंग' ('यांचा समावेश असलेलं') हा शब्द असेल तर त्यात आणखी काही घातलं म्हणून सुटका नाही. 'कन्सिस्टिंग ऑफ' ('फक्त यांचंच बनलेलं') असेल तर सुटायला जागा आहे. हे स्क्रीनवर करता येत नाही असं नाही, पण स्क्रीनवर माणूस भराभर खाली सरकतो.

'आपण सॉल्ट बदललं, म्हणजे सुटलो'

वरची गोष्ट ऐकली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: क्लेममध्ये जे शब्द नाहीत ते सगळं मोकळं. तसंही नाही. पेमेट्रेक्सेड या कर्करोगावरच्या औषधाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला देते. मूळ कंपनी एली लिलीच्या पेटंटमध्ये क्लेम होता पेमेट्रेक्सेड डायसोडियमचा, व्हिटॅमिन बी-१२ सोबत वापरण्यासाठी. सुरुवातीच्या अर्जातली मागणी याहून बरीच मोठी होती. एक्झामिनरपुढे ती आकसत आकसत त्या एका सॉल्टवर आली होती. ॲक्टाव्हिस या जेनेरिक कंपनीने डायसोडियमऐवजी दुसरी रूपं घेतली: मोकळं आम्ल, डायपोटॅशियम, डायट्रोमेथामिन. कागदावर चोख दिसतं. तरी जुलै २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट भंग ठरवला, कारण औषधाचं काम तेच, त्याच पद्धतीने होत होतं आणि सोडियमचा आयन हा शोधाचा गाभा नव्हता. २०१९मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानेही डायट्रोमेथामिनच्या बाबतीत समतुल्यतेच्याच तत्त्वावर (शब्दांत बसत नसलं तरी मूलतः तेच) भंग मानला.

म्हणजे फाइल हिस्टरीत हक्क आकसला तरी आकसलेली प्रत्येक जागा मोकळी होते असं नाही. तो का आकसला, ते बघावं लागतं. माझ्या गोष्टीतल्या अर्जदाराने अमॉर्फस रूप नाव घेऊन बाजूला काढलं होतं. पेमेट्रेक्सेडमध्ये अर्जदाराने इतर सॉल्टं अशी नाव घेऊन बाजूला काढली नव्हती. हा फरक सारांशात सापडत नाही. त्यासाठी एक्झामिनरशी झालेला सगळा पत्रव्यवहार वाचावा लागतो. तो कंटाळवाणा असतो, मान्य. ज्याला कंटाळा येतो त्याने हे काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधाच्या नावाने शोधणं

मूळ पेटंटमध्ये औषधाचं नाव बहुधा नसतंच, कारण अर्ज झाला तेव्हा ते नाव जन्मालाच आलेलं नसतं. इमॅटिनिब आधी एसटीआय-५७१ होतं, सोफोसबुव्हिर पीएसआय-७९७७ आणि नंतर जीएस-७९७७. कधी कधी कोडही नसतो, फक्त रासायनिक नाव किंवा मार्कुश पद्धतीचं एक मोठं सूत्र असतं, म्हणजे बदलत्या भागांसाठी पर्याय दिलेला रचनेचा साचा, ज्यात हजारो मॉलिक्यूल बसतात. म्हणून सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा नोंदणी क्रमांक), जुने कोड, अर्जदार, शोधकर्ते आणि शक्य असेल तर रचनेचा शोध, एवढं केल्याशिवाय 'काही सापडलं नाही' हे वाक्य लिहू नका. शोधकर्त्यांच्या नावाने शोधल्यावर मला जेवढं मिळालंय तेवढं महागड्या साधनांनी दिलेलं नाही.

मार्कुशचं सूत्र दिसलं की आणखी एक प्रश्न उभा राहतो: मोठ्या कुळाच्या पेटंटमध्ये तो एक मॉलिक्यूल आधीच आला होता का? डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधावर भारतात कुळाचं एक आणि मॉलिक्यूलचं एक अशी दोन पेटंटं होती. पहिलं २०२०मध्ये संपलं. जेनेरिक कंपन्या बाजारात उतरल्या तेव्हा मालकाने दोन्हींचा भंग झाल्याचं म्हटलं, आणि तेच अंगाशी आलं. एका शोधाला दोन पेटंटं कशी, असं म्हणत दिल्ली उच्च न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला.

एकच पेटंट पाहून तारीख सांगणं

अर्जाच्या तारखेत वीस वर्षं मिळवली की झालं, असं ज्याला वाटतं त्याने ॲडालिमुमॅब हे संधिवातावरचं जैविक औषध आठवावं. अमेरिकेतलं मुख्य पेटंट २०१६च्या शेवटी संपलं, तिथे पहिलं बायोसिमिलर (जैविक औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) बाजारात आलं ते जानेवारी २०२३मध्ये. युरोपात ऑक्टोबर २०१८मध्येच आलं होतं. मधल्या काळात फॉर्म्युलेशन, मात्रा, उत्पादन अशा पेटंटांचं जाळं आणि त्यावरचे समझोते होते. शिवाय अमेरिकेत आणि युरोपात मुदत साधारण पाच वर्षांपर्यंत वाढू शकते. भारतात वाढत नाही. मूळ कंपनीने नियामकाला दिलेल्या चाचण्यांच्या डेटाचं संरक्षण, ज्याचा पेटंटशी संबंध नाही, ते वेगळंच. शोधयंत्रात दिसणारी 'अंदाजे समाप्ती' खरोखर अंदाजेच असते, आणि फी न भरल्यामुळे कधीच गतप्राण झालेलं पेटंट तिथे जिवंत दिसू शकतं. देशाच्या रजिस्टरात बघा.

ऑरेंज बुक, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची (एफडीएची) मंजूर औषधं आणि त्यांच्या पेटंटांची यादी, त्यात प्रक्रियेची पेटंटं नोंदवत नाहीत. 'ऑरेंज बुकमध्ये नाही म्हणजे नाही' हे वाक्य ऐकलं की मी चहा प्यायला उठते.

स्पर्धा म्हणजे स्तंभांचे आलेख

कुणाकडे किती पेटंटं, याचा रंगीत आलेख. एकाच शोधाचे चाळीस देशांतले अर्ज चाळीस मोजलेले. फॅमिली मोजा, खरं तर मोजूच नका, वाचा. स्पर्धक कोण हे मी तीन ठिकाणी बघते. पहिलं, विरोध कुणी केला: युरोपात मंजुरीनंतर नऊ महिन्यांत, भारतात मंजुरीआधी कुणीही आणि मंजुरीनंतर वर्षभरात हितसंबंध असलेला कुणीही. युरोपात काही वेळा विरोधक म्हणून फक्त वकिलाचं नाव असतं, मागे कोण ते कळत नाही. पण तो किती खर्च करून लढतोय यावरून अंदाज येतो. दुसरं, अमेरिकेतले पॅरेग्राफ फोरचे दावे, म्हणजे 'हे पेटंट अवैध आहे किंवा आम्ही त्याचा भंग करत नाही' असं जेनेरिक कंपनीने नियामकाला सांगणं. तिसरं, एफडीए प्रसिद्ध करते ती ड्रग मास्टर फाइलची (कच्चं औषध बनवणाऱ्याने नियामकाला दिलेल्या माहितीची) यादी: कच्चं औषध पुरवायला कोण तयार झालंय ते तिथे कळतं, पेटंटच्या आलेखात ते कधीच दिसत नाही.

आणखी काही, थोडक्यात

स्वतःचं पेटंट मिळालं म्हणजे माल विकता येतो असं नाही. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं, तुम्हाला वाट देत नाही.

उदाहरणात २०० मिलिग्रॅम लिहिलंय म्हणून क्लेमही २०० मिलिग्रॅमचाच, असं नसतं.

आणि अर्ज साधारण अठरा महिने प्रसिद्ध होत नाहीत. आज केलेल्या शोधात गेल्या दीड वर्षातलं बरंच काही दिसणारच नाही. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत मी शोध घेतल्याची तारीख लिहिते, आणि बॅच घेण्याआधी तोच शोध पुन्हा चालवते. दोन वेळा त्या दुसऱ्या फेरीतच गोष्ट सापडली आहे.