सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की बाळ नीट वाढतंय का ते कसं बघायचं

आधी आठवड्यांचा हिशोब पक्का करा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे पाळी चुकून टेस्टवर दोन रेघा येतात तेव्हा तुमचे ४ आठवडे झालेले असतात पण बाळ असतं जेमतेम २ आठवड्यांचं. डिलिव्हरीची तारीख काढायची तर त्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवा, म्हणजे १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. आता ज्यांची पाळी पुढेमागे होते, पीसीओडी वगैरे आहे, त्यांचा हा हिशोब चुकतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी टाळू नका. त्यात सीआरएल म्हणून आकडा असतो, बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, आणि या काळात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात म्हणून त्यावरून तारीख सगळ्यात बरोबर निघते. डॉक्टरांनी ठरवलेली ती तारीख फाईलच्या कव्हरवर ठसठशीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर थोडी वेगळी तारीख छापून येणार, तिच्याकडे बघून घाबरायचं नाही, मूळ तारीख बदलत नाही.

साधारण ६ आठवड्यांना हार्टबीट दिसतो. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतात तीही तेवढ्यातच मिटून पूर्ण होते, म्हणजे बऱ्याच जणींना बातमी कळून आठवडासुद्धा झालेला नसतो, म्हणूनच ती नीट मिटावी यासाठीची फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चान्स घेतानाच सुरू करायला सांगतात. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होतो, तेव्हा अपॉइंटमेंट आधीच घ्या. आणि हो, स्कॅनआधी फॉर्मवर सही घेतात की मुलगा का मुलगी हे जाणून घ्यायचं नाहीये, १९९४ चा कायदा आहे, त्यामुळे सोबत आलेल्या काकूंना डॉक्टरांना आडून आडून विचारू देऊ नका.

१८ ते २० आठवड्यांचा अनॉमली स्कॅन मोठा असतो, एकेक अवयव बघतात, वेळ लागतो. इथून पुढे रिपोर्टमध्ये चार आकडे दिसतील. बीपीडी आणि एचसी म्हणजे डोक्याची रुंदी आणि घेर, एफएल म्हणजे मांडीचं हाड आणि एसी म्हणजे पोटाचा घेर. माझं ऐकाल तर ग्रोथ स्कॅनमध्ये, म्हणजे पुढे वाढ बघायला करतात त्या सोनोग्राफीत, आधी एसी बघा. बाळाचं लिव्हर आणि चरबी पोटात असते, वारेतून पोषण कमी पडायला लागलं की शरीर मेंदूला सांभाळतं आणि सगळ्यात आधी पोटाचा घेर मागे पडतो. एफएल थोडं कमी आलं आणि आईबाबा दोघं बुटके असतील तर बहुतेक वेळा त्यात काही नसतं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. पर्सेंटाइल, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत आपलं कितवं, लिहिलं असेल तर १० ते ९० मध्ये असलं की साधारण ठीक, पण एका आकड्यापेक्षा दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बाळ आपल्या रेषेवर चाललंय का ते बघायचं. वजन तर अंदाजच असतो, १०-१५ टक्के इकडेतिकडे होतं, २.८ किलो लिहिलेलं बाळ २.४ पण निघू शकतं आणि ३.२ पण. ॲपवाले दर आठवड्याला बाळ कुठल्या फळाएवढं झालं ते सांगतात, त्यातली निम्मी फळं आपल्या मंडईत मिळत पण नाहीत, सोडून द्या.

२० आठवड्यांना बाळ साधारण ३०० ग्रॅमचं, २८ ला किलोभर, म्हणजे खरं वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. तरी दोघांचं जेवायची गरज नाही, जास्तीची एक पोळी, वाटीभर वरण आणि ग्लासभर दूध, एवढं बास. लोहाची गोळी अमृततुल्यच्या चहासोबत नको, कॅल्शियमसोबत पण नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

३२ आठवड्यांच्या रिपोर्टवर पायाळू, म्हणजे डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली, असं लिहिलं तर रडत बसू नका, ३६ पर्यंत बहुतेक बाळं फिरतात.

दोन रिपोर्टच्या मधे बाळ कसं आहे हे त्याची हालचालच सांगते. पहिल्या खेपेला ती १८ ते २० आठवड्यांना जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. २८ नंतर रोज एका ठरलेल्या वेळी, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर पडा, मोबाईल लांब ठेवा आणि मोजा, २ तासांत १० हालचाली यायला हव्यात, बऱ्याचदा त्या अर्ध्या तासातच होतात. मोजून झालं की कॅलेंडरवर टिक करा.

खर्चाचं टेन्शन असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासूनची योजना आहे, आणि आपल्या पुण्यात मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू हॉस्पिटल आहेच.

हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं किंवा पाणी गेलं तर सकाळची वाट बघू नका आणि गोड खाऊन बघ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सरळ निघा. संध्याकाळी सिंहगड रोडवरून किती वेळ लागतो ते माहितीच आहे, तेव्हा दुसरा रस्ता नवऱ्याला आधीच दाखवून ठेवा.