पात्रे कागदीच का राहतात? कथालेखनातल्या या चुका टाळा

दिवाळी अंकांकडे येणाऱ्या कथांच्या गठ्ठ्यातली कोणतीही एक कथा उघडावी, तर पुष्कळदा पहिल्याच परिच्छेदात नायकाच्या चारित्र्याचा दाखला हाती पडतो. तो प्रामाणिक, कष्टाळू, स्वाभिमानी आणि जरासा तापट असतो. पुढची दहा पाने तो तंतोतंत तसाच वागतो आणि वाचकाला त्याच्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. पात्र निर्जीव वाटण्याची कारणे वरवर अनेक दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: लेखकाने त्या माणसाचा निकाल कथा सुरू होण्याआधीच लावून टाकलेला असतो आणि मग कथेला तो निकाल वाचून दाखवण्यापलीकडे काम राहत नाही.

विशेषणांवर भागवणे

‘दत्तात्रय एसटीत कंडक्टर होता. बाहेरून फटकळ, पण मनाने अत्यंत हळवा.’ या दोन वाक्यांत चूक काढता येणार नाही, मात्र वाचकाला त्यावर विश्वास ठेवण्याचे कारणही नाही. त्याऐवजी हाच दत्तात्रय मुक्कामी गाडीच्या शेवटच्या फेरीत दाखवता येईल. एका म्हातारीकडे तिकिटाला पाच रुपये कमी पडतात. तो भर गाडीत तिला सुनावतो, ‘आजी, घरून निघताना पैसे मोजून घ्यायला काय होतं तुम्हाला?’ पुढचा थांबा येईपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू राहतो. तिकीट मात्र तो पुरते देतो, आणि डेपोत हिशेब देताना कमी भरणारी रक्कम त्यालाच खिशातून घालावी लागणार, हे त्याला ठाऊक असते. मुक्कामाच्या गावी पोचल्यावर ड्रायव्हर चहाला बोलावतो, तर हा ‘पित्त झालंय’ म्हणून नाही म्हणतो. ड्रायव्हर हसून ‘म्हातारीचं तिकीट पडलं वाटतं अंगावर’ असे म्हणाला, तर त्याच्यावरही खेकसतो.

येथे ‘हळवा’ हा शब्द कुठेच आलेला नाही. शिवाय एक प्रश्न वाचकापाशी उरतो: हा माणूस दयाळू, की गाडीतून कुणाला उतरवण्याचे त्याच्या अंगात बळ नाही? ज्या पात्राविषयी असा प्रश्न पडतो, त्याच्यामागे वाचक पुढच्या पानावर जातो. पहिला खर्डा पूर्ण झाला, की स्वभाव सांगणाऱ्या प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढावी आणि ते खोडून कथा वाचावी. विशेषण गेल्यावर स्वभावही गेला, तर तो प्रसंगात कधी नव्हताच, हे उघड होते.

हिशेब न जुळणे

दत्तात्रयाचा हा प्रसंग नेमका कधीचा, हेही ठरवावे लागते. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. प्रसंग त्यानंतरचा असेल, तर म्हातारी सत्तरीची की ऐंशीची, यावर तो टिकेल किंवा कोसळेल. तपशिलाची ही चिकित्सा काहींना कारकुनी वाटते, परंतु माणूस घडतो तो याच तपशिलांतून. २०२५ साली साठीची असलेली आजी १९६५ च्या सुमारास जन्मलेली असते. तिला स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रभातफेऱ्या आठवणे शक्य नाही, आणि तरीही कथांमधल्या आज्या अजून सर्रास चरखा चालवताना दिसतात. तिच्यापाशी तिच्या आठवणी आहेतच. १९७२ च्या दुष्काळात ती सात वर्षांची होती, म्हणजे दुष्काळी मदतीत मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी तिच्या आयुष्यात असू शकते, आणि ताटात अन्न टाकणाऱ्या नातवावर ती का चिडते याचे उत्तर तेथे मिळू शकते. त्याचप्रमाणे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात तिशीत असलेला कामगार आता सत्तरीच्या पुढे गेलेला असणार, आणि त्याचा मुलगा आज कॉलेजात शिकत असेल, तर कथेला त्याचे कारण द्यावे लागेल.

वयाइतकाच पैशाचा हिशेब महत्त्वाचा असतो आणि तो वयाहूनही अधिक वेळा निसटतो. घरभाडे कोण भरते, दवाखान्याचे बिल कुणाच्या नावावर निघाले, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटले का, हे कथेत लिहिण्याची गरज नसते, पण लेखकाला ते माहीत असावे लागते. नोकरीवर लाथ मारून बाहेर पडणारा नायक खरा वाटत नाही, तेव्हा पुढच्या महिन्याचा हप्ता कसा जाणार हे लेखकाने स्वतःलाही विचारलेले नसते.

सगळ्यांची भाषा एकच

संवाद तपासण्याची एक सोपी रीत आहे. बोलणाऱ्यांची नावे झाकावीत आणि कोणते वाक्य कुणाचे, ते ओळखता येते का हे पाहावे. बहुतेक खर्ड्यांत सासू, सून, वकील आणि दूधवाला एकाच घडणीची, पूर्ण आणि व्याकरणशुद्ध वाक्ये बोलतात, कारण ती सगळी लेखकाचीच वाक्ये असतात.

त्यावर उपाय म्हणून काही जण गावाकडच्या पात्राला बोली देतात आणि तेथे दुसरा घोटाळा होतो. ‘म्या’, ‘व्हय’, ‘काय बी’ यांच्या शेजारी ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ येऊन बसतात आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याच गावात बोलली जात नाही अशी एक ‘गावरान’ भाषा तयार होते. वऱ्हाडातला माणूस ‘मले’ म्हणेल, मालवणचा ‘माका’ म्हणेल, आणि दोघांच्या तोंडी एकच ‘म्या’ घालणाऱ्या लेखकाला या दोघांपैकी कुणीच नीट ऐकू आलेले नसते. बोली कानात बसलेली नसेल, तर साधे प्रमाण मराठी वापरून वाक्यांची लांबी आणि लय बदलावी. खोट्या बोलीपेक्षा ते केव्हाही बरे.

संबोधनांकडे तर फारच थोडे लेखक लक्ष देतात, वास्तविक आपल्या भाषेने ही आयती सोय करून दिलेली आहे. नेहमी ‘तू’ म्हणणारी थोरली जाऊ वाटणीची बोलणी सुरू झाली, की धाकटीला ‘तुम्ही’ म्हणू लागते. ‘अण्णा’ म्हणणारा पुतण्या वकिलासमोर ‘आमचे काका’ म्हणतो. एवढ्या एका बदलातून जे कळते, ते सांगायला एरवी एक परिच्छेद खर्ची पडतो.

याच चुकीचे आणखी एक रूप म्हणजे पात्राच्या तोंडून लेखकाने स्वतःची मते मांडणे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः लिहिलेली ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तिची नायिका यमू स्वतः सांगते. तिच्यामागे सुधारणेचा पक्ष घेणारा लेखक उभा आहे हे उघड असले, तरी वाचकापुढे येते ते यमूच्या माहेर-सासरच्या घरांत तिला दिसले आणि सोसावे लागले ते. सामाजिक प्रश्नावर कथा लिहिणाऱ्याने भाषण लिहिण्याआधी ही कादंबरी पुन्हा वाचावी.

एकाच कारणाने सगळे उलगडणे

अलीकडच्या कथांमध्ये ही खोड वाढलेली दिसते. नायिका कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि शेवटून दुसऱ्या पानावर कळते की लहानपणी वडील घर सोडून गेले होते. त्यासरशी ती पूर्णपणे समजते आणि नेमकी त्यामुळेच ती संपते. त्याच वडिलांची दुसरी मुलगी वाटेल त्याच्यावर विश्वास टाकणारी निघू शकते. घटना दोघींची एक आणि प्रत्येकीने तिचे केलेले वेगळे, असे मांडले, की कथेला काम मिळते. खलनायकाबाबतही हेच लागू पडते. जमीन बळकावणाऱ्या चुलत्याच्या मनात तो स्वतः अन्याय झालेला माणूस असतो: भावाच्या आजारपणाचा खर्च त्याने केला होता आणि त्याची कुणी दखल घेतली नव्हती. हे त्याचे म्हणणे लेखकाने मनापासून, त्याच्या बाजूचे वकीलपत्र घेतल्यासारखे, एकदा लिहून काढावे. ते कथेत घेतलेच पाहिजे असे नाही. त्यागमूर्ती आईच्या वाट्याला मात्र हे भाग्य कधीच येत नाही. तिला एखादी गोष्ट स्वतःसाठी हवी असते आणि ती मिळवायला ती थोडे खोटेही बोलू शकते, एवढे जरी मान्य केले, तरी ती देव्हाऱ्यातून खाली उतरते.

सर्वच पात्रांवर इतकी मेहनत घेण्याचे कारण नाही. एकदाच दार उघडणारा वॉचमन एका ठळक सवयीवर भागतो, त्याला भूतकाळ दिला तर कथाच अडखळते.

‘हे खरेच घडले होते’

पात्र पटत नाही असे म्हटल्यावर लेखकाकडून येणारे सर्वांत सामान्य उत्तर हे असते. खरा माणूस अकस्मात, विनाकारण वागला तरी आपण ते स्वीकारतो, कारण तो समोर उभा असतो. कागदावरच्या माणसाला ही सवलत नाही. शिवाय नात्यातल्या कुणाचे फक्त नाव बदलून कथा लिहिली, तर हात बांधले जातात: मामांनी जे केले नाही ते पात्राला करू देण्याची हिंमत होत नाही, आणि मामी वाचतील या धास्तीने कठीण प्रसंग गाळला जातो. त्यासाठी व्यवसाय बदलावा, गाव बदलावे, दुसऱ्याच कुणाची एक खोड त्याच्यात मिसळावी. तलाठी असलेल्या मामांना मेडिकल दुकानात बसवले, की उधारी मागायला आलेल्या शेजाऱ्याला ते काय उत्तर देतील, हे आठवून लिहिता येत नाही, नव्याने शोधावे लागते.