पोटाचे कप्पे पाडायचेत? आधी कंबर जमिनीला टेकवा

पंधरा-सोळाव्या वर्षी रोज शंभर क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम) मारून कप्पे पडत नाहीत. पोटाच्या व्यायामानं पोटाचीच चरबी जळते असं नसतं. ती अंगभर उतरते, तेव्हा कुठं कप्पे दिसतात. स्नायू मात्र घरात सतरंजीवरही कमावता येतात, आठवड्यातून ३ दिवस, एक दिवसाआड.

उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय उचला. आता कंबर जमिनीला चिकटवून एकेक पाय सावकाश सरळ करत खाली न्या. कंबरेखालून हात सरकेल एवढी फट पडली की समजा, पोट सैल पडलं आणि ताण कंबरेवर आला. तिथंच थांबायचं. दोन्ही पायांनी ८-८, असं ३ वेळा. मग २० सेकंद प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरायचं. कंबर झोळीसारखी लोंबू द्यायची नाही, श्वास रोखायचा नाही.

तालमीत शिकवतात तसा जोर नीट मारला तर त्यातही पोट कामाला लागतं, फुकटात.

जेवण तोडू नका, वाढीचं वय आहे. प्रोटीनसाठी दूध, अंडी, उसळ पुरे. पावडरीचे डबे कशाला? मिसळ रविवारी खा की! रंकाळ्यावरची भेळ मात्र रोज नको.