जपानी अद्भुतरम्य ॲनिमेशनपट: शोधावे कसे, सुचवावे कसे

‘आवर्जून पाहावेत असे दहा जपानी ॲनिमेशनपट’ या धर्तीच्या याद्या ढिगाने सापडतात. अशा यादीत ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘पॅप्रिका’ शेजारी शेजारी बसलेले असतात. मात्र पहिला चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पाहण्याचा आणि दुसरा मुले झोपल्यावर पाहण्याचा आहे, हे यादी सांगत नाही. म्हणून यादी बाजूला ठेवून आपल्याला आधीच आवडलेल्या एका चित्रपटापासून सुरुवात करावी. अजून एकही पाहिला नसेल, तर हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) घ्यावा. त्याला बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सुवर्ण अस्वल आणि ऑस्कर हे दोन्ही सन्मान मिळाले आहेत. पण तो सुचवण्याचे खरे कारण असे, की पुढे शोध घेण्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे धागे त्या एकाच चित्रपटात हाती लागतात.

चित्रपट संपल्यावर त्यातले नेमके काय मनात राहिले, हे स्वतःला विचारावे. कथा सांगण्याची आणि दृश्य मांडण्याची पद्धत आवडली असेल, तर दिग्दर्शकाचा धागा धरावा. मियाझाकी किंवा सातोशी कोन यांच्यासारखे दिग्दर्शक चित्रपटाचा दृश्य-आराखडा स्वतः रेखाटत असल्यामुळे त्यांचा हात प्रत्येक चौकटीत ओळखू येतो. येथे एक गल्लत टाळावी. ‘स्पिरिटेड अवे’ काढणारा, १९८५ मध्ये स्थापन झालेला स्टुडिओ जिब्ली म्हणजे केवळ मियाझाकी नव्हेत. त्याच स्टुडिओतील इसाओ ताकाहाता यांची शैली अगदी निराळी आहे. त्यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) जलरंगांच्या पुसट रेषांत उलगडतो. (आपल्याकडे ‘घिबली’ हे रूप रुळले असले, तरी जपानी उच्चार ‘जिबुरी’च्या जवळ जातो, शोध घेताना दोन्ही रूपे वापरून पाहावीत.)

जिब्लीबाहेर पडल्यावर वाट अधिक रंजक होते, आणि बहुतेक प्रेक्षक नेमके येथेच थांबतात. मामोरू होसोदा यांचा विषय बहुतेक वेळा कुटुंब हा असतो: ‘वुल्फ चिल्ड्रन’ (२०१२) मध्ये लांडग्याचे रूप घेऊ शकणाऱ्या दोन मुलांना एकटी आई वाढवते. माकोतो शिंकाई यांच्याकडे आकाश, पाऊस आणि विरह असतो. त्यांचा ‘वेदरिंग विथ यू’ २०१९ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला, तो येथील चाहत्यांनी मागणी लावून धरल्यामुळे. सातोशी कोन २०१० मध्ये ४६व्या वर्षी वारले. त्यांचे पूर्ण लांबीचे चित्रपट चारच असल्यामुळे ते सगळे पाहून होण्यासारखे आहेत. मासाआकी युआसा यांची चित्रे मात्र वाकडीतिकडी आणि उधळलेली असतात; ती सर्वांना रुचतीलच असे नाही.

दुसरा धागा मूळ लेखकाचा. ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’ आणि ‘पॅप्रिका’ हे दोन अतिशय भिन्न स्वभावाचे चित्रपट २००६ मध्येच आले, दिग्दर्शक वेगळे. परंतु दोहोंच्या मुळाशी यासुताका त्सुत्सुई या एकाच लेखकाच्या कादंबऱ्या आहेत. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’चे मूळ तर जपानमध्ये नसून डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेच्या कादंबरीत आहे. संगीत मनात घुमत राहिले असेल, तर संगीतकार जो हिसाइशी हे नाव लक्षात ठेवावे.

तिसरा धागा लोकसमजुतींचा, आणि मराठी प्रेक्षकाला तो सर्वांत लवकर सापडतो. ‘स्पिरिटेड अवे’च्या मूळ नावातील ‘कामिकाकुशी’ या शब्दाचा अर्थ देवांनी माणसाला दडवून नेणे असा आहे. आपल्याकडे चकव्याच्या आणि देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. जपानी परंपरेत देवांची संख्या ‘ऐंशी लक्ष’ मानतात, ती आपल्या तेहतीस कोटींसारखीच मोजण्यासाठी नसते. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) मधील रानदेव आणि झाडांचे आत्मे कोकणातल्या देवराईची ओळख असलेल्या माणसाला परके वाटत नाहीत. नदीत राहणारा काप्पा, रूप पालटणारा तानुकी अशी नावे घेऊन शोधले, की यादीत कधीच न येणारे चित्रपट समोर येतात.

पाहण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. जिब्लीचे बरेचसे चित्रपट २०२० पासून नेटफ्लिक्सवर भारतात उपलब्ध झाले. पण ओटीटीवरील साठा बदलत असल्यामुळे कोणालाही सुचवण्याआधी चित्रपट आजही तेथे आहे का, ते पाहावे. मूळ जपानी आवाज निवडता येतो का आणि सबटायटल कोणत्या भाषेत आहेत, हेही बघावे. एकाच चित्रपटाची नावे देशोदेशी बदलतात, म्हणून नावासोबत वर्ष जोडावे. ‘डीमन स्लेयर: मुगेन ट्रेन’सारखे चित्रपट मालिकेतील कथेचा पुढचा भाग असतात, मालिका न पाहिलेल्याला ते सुचवणे म्हणजे कादंबरी मधूनच वाचायला देणे.

सुचवताना चित्रपटापेक्षा माणसाकडे अधिक लक्ष द्यावे. एरवी काय आवडते, किती वेळ हाताशी आहे आणि सोबत कोण बसणार आहे, इतके विचारले तरी निम्मी निवड होते. लहान मुलांसाठी ८६ मिनिटांचा ‘टोटोरो’ निर्धोक मानतात व तो तसा आहेही. तथापि त्यातील मुलींची आई रुग्णालयात असते, तेव्हा ज्या घरात तसेच आजारपण चालू असेल तेथे आधी कल्पना द्यावी. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये आईवडिलांची डुकरे होतात, याचा धसका पाच वर्षांचे मूल घेऊ शकते. ‘मोनोनोके’मध्ये हात आणि मुंडकी तुटतात. शिंकाई यांचा ‘सुझुमे’ भूकंपाभोवती फिरतो व त्यात मोबाइलवरील धोक्याचे इशारे वाजतात. किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या घरात तो सहज म्हणून लावू नये.

‘कार्टून मुलांसाठी असते’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी युगो साको आणि राम मोहन यांनी भारत व जपान यांच्या सहयोगातून घडवलेला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हे चांगले दार आहे, जानेवारी २०२५ मध्ये तो भारतात चित्रपटगृहांतही लागला होता. त्यानंतर ‘कागुया’ दाखवावा, पण दुपारच्या जेवणानंतर नव्हे, कारण तो १३७ मिनिटांचा असून सावकाश चालतो.

एका वेळी एकच नाव द्यावे. पाच नावे दिली की ऐकणारा ‘बघतो’ म्हणतो आणि एकही पाहत नाही. त्या नावासोबत लांबी, भाषा, एखादी सावधगिरी आणि त्या व्यक्तीलाच का सुचवत आहोत याचे कारण असावे; कथा सांगू नये. उदाहरणार्थ: “काकू, तुम्ही दोन्ही मुलांना एकटीने वाढवलंत, म्हणून ‘वुल्फ चिल्ड्रन’ नक्की बघा. दोन तासांच्या आत संपतो. मध्ये एक मृत्यू आहे, तेव्हा पहिल्यांदा नातवंडांशिवाय बघा.”

काही दिवसांनी ‘आवडला का’ असे न विचारता कोणते दृश्य आठवते, ते विचारावे. काकूंनी डोंगरातल्या जुन्या घराचे आणि तेथील शेतीचे नाव काढले, तर पुढचा ‘टोटोरो’. आई आणि मुलांमधल्या ताटातुटीचे काढले, तर ‘कागुया’. अर्ध्यावर बंद केला असेल, तर तो कोठे सोडला एवढेच जाणून घ्यावे आणि पुढच्या वेळी वेगळ्या दिग्दर्शकाचा, लांबीने कमी असलेला चित्रपट सुचवावा.